बेटावरची सुट्टी आणि गोडं पाणी

कॅलेंडरच्या पानावर किंवा वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत एक चित्र तुम्ही हमखास पाहिलं असेल. निळंशार पाणी, पांढरीशुभ्र वाळू, दोन माडांच्या मध्ये बांधलेला झोपाळा आणि त्यात आडवा झालेला एक माणूस. हातात शहाळं! ना शाळा, ना ऑफिस, ना गृहपाठ. बेटावरच्या सुट्टीचं हे चित्र. बघूनच वाटतं, चला, आपणही जाऊ या!

असंच एक चित्र मी वर्गात फळ्यावर लावलं होतं. मी मालवण तालुक्यातल्या मुलांना शिकवते. समुद्र म्हणजे त्यांचं अंगणच. मी विचारलं, "या चित्रात काय नाही ते ओळखा बघू." कोणी म्हणालं, होडी नाही. कोणी म्हणालं, जाळं नाही. कोणाला सुकत घातलेली मासळी दिसली नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, बाव खंय आसा?"

मालवणीत विहिरीला बाव म्हणतात. म्हणजे प्रश्न होता, या बेटावर विहीर कुठे आहे? चारी बाजूंनी समुद्र, पण घोटभरही पिता येणार नाही. मग तो झोपाळ्यातला माणूस पाणी पितो कुठलं? अंघोळ कशानं करतो? त्याच्या खोलीतल्या चादरी कुठल्या पाण्यात धुतात?

प्रश्न साधा वाटतो ना? पण बेटावरच्या सगळ्या सुखाची किल्ली याच प्रश्नात आहे. चला तर, तिचा शोध घेऊ.

एक बेट, एक हॉटेल

आपल्या देशाच्या नैर्ऋत्येला, हिंदी महासागरात मालदीव नावाचा देश आहे. सुमारे १,२०० छोटी छोटी प्रवाळ बेटं मिळून हा देश बनला आहे. त्यांतल्या सुमारे २०० बेटांवरच गावं आहेत. १९७२ मध्ये तिथं पर्यटकांसाठी पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. रिसॉर्ट म्हणजे नुसतं हॉटेल नव्हे. राहणं, खाणं, पोहणं, खेळणं सगळं एकाच आवारात. मालदीवमध्ये तर बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. त्या बेटावर पाहुणे आणि त्यांची सेवा करणारे लोक, एवढेच!

आता विचार करा. अशा बेटावर भात पिकत नाही, कांदे-बटाटे होत नाहीत, गाईम्हशी नाहीत. तांदूळ, भाजी, दूध, लोणी, डिझेल, साबण, अगदी खिळ्यासुद्धा बाहेरून बोटीनं आणावा लागतो. आणि केळीची साल, फुटकी बाटली, प्लास्टिकची पिशवी? ती कुठं टाकणार? मालदीवची राजधानी माले. तिच्याजवळ थिलाफुशी नावाची जागा आहे. राजधानीचा आणि रिसॉर्टांचा कचरा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथं नेऊन टाकू लागले. पाहता पाहता कचऱ्याच्या भरावावर एक बेटच तयार झालं. निळ्या पाण्याच्या चित्रात हे बेट कधी दिसत नाही!

आणि पाणी? ते कारखान्यात तयार करतात. समुद्राचं पाणी प्रचंड दाबानं एका अतिशय बारीक पडद्यातून ढकलतात. पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. ऐकायला सोपं, पण हा दाब देणारे पंप रात्रंदिवस चालवायचे तर भरपूर वीज लागते. ती वीज बहुतेक वेळा डिझेल जाळून करतात. म्हणजे तिथं नळ सोडला की पाण्याबरोबर डिझेलही वाहत असतं म्हणा ना!

हे यंत्र बंद पडलं तर? तसंही घडलं. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेमधल्या पाणी तयार करणाऱ्या कारखान्यात आग लागली. सुमारे एक लाख माणसांच्या घरचे नळ कोरडे पडले. चहूकडे अथांग पाणी आणि प्यायला थेंब नाही! तेव्हा आपल्या देशानं शेजारधर्म पाळला. हवाई दलाच्या विमानांतून पाण्याच्या बाटल्या गेल्या, मागोमाग नौदलाची जहाजंही पाणी घेऊन पोचली.

आपल्या लक्षद्वीपचीही हीच कथा. तिथल्या कवरत्ती बेटावर २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं एक वेगळं यंत्र बसवलं. समुद्राचं वरचं पाणी कोमट असतं आणि खूप खोलवरचं थंडगार. हवा काढून घेतलेल्या टाकीत कोमट पाण्याची वाफ करायची आणि खोलवरच्या थंड पाण्यानं ती वाफ गार करायची, की गोडं पाणी मिळतं. रोज एक लाख लिटर पाणी देण्याची त्या यंत्राची ताकद. किती ही खटपट! कशासाठी? गोड्या पाण्यासाठी.

महाराजांच्या बेटावर तीन विहिरी

आता आपल्या बेटाकडे येऊ. मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात एक काळसर तट दिसतो. तोच सिंधुदुर्ग किल्ला. ज्या बेटावर तो उभा आहे त्याचं नाव कुरटे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याची पायाभरणी केली. किनाऱ्यावरच्या ज्या खडकाजवळ पूजा झाली, तो 'मोरयाचा धोंडा' आजही आहे. १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला. सुमारे ४८ एकरांचं बेट, त्याच्या कडेकडेनं वळणं घेत गेलेला सुमारे तीन किलोमीटरचा तट. बांधकामाच्या पायात शिसं ओतलं होतं, असं सांगतात. किल्ल्यात महाराजांचं देऊळ आहे, श्रीशिवराजेश्वर. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे लोक आजही भक्तीनं पाहतात.

पण किल्ला नुसत्या तटानं लढत नाही. वेढा पडला आणि प्यायला पाणी नसलं, तर उंचच उंच तट काय कामाचा? कुरटे बेटावर मात्र तीन विहिरी आहेत. त्यांची नावं तर ऐका: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! चारी बाजूंना खारट समुद्र आणि मध्ये या विहिरींत गोडं पाणी. ज्या लोकांनी अशी लाडकी नावं ठेवली, त्यांना पाण्याची किंमत नक्कीच ठाऊक होती.

समुद्रात राहून विहीर गोडी कशी?

यात जादू नाही. देणगी आहे ती पावसाची. आमच्या सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पडलेलं सगळं पाणी जागच्या जागी साठलं असतं तर दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी जवळपास बुडाली असती! यातलं बरंचसं पाणी समुद्रात वाहून जातं. थोडं मात्र मातीतून, खडकाच्या भेगांतून जमिनीत मुरतं.

खाली समुद्राचं खारं पाणी असतंच. पण खारं पाणी जड आणि गोडं पाणी हलकं. त्यामुळे मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. दुधावर साय असते ना, तसं! विहीर खणायची ती या सायीपर्यंतच. फार खोल गेलात की खारं पाणी लागलंच म्हणून समजा.

वाळूच्या बेटाचा एक हिशेब शास्त्रज्ञांनी काढला आहे. समुद्राच्या पातळीच्या वर १ फूट गोडं पाणी साठलेलं असेल, तर पातळीच्या खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं. फारच छान! पण हाच हिशेब उलटाही चालतो. भरमसाट उपसा करून गोड्या पाण्याची पातळी १ फूट खाली आणली, तर तळाचं खारं पाणी हळूहळू ४० फूट वर सरकू शकतं. एकदा विहीर खारट झाली की पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात. रहाटानं कळशी कळशी पाणी काढणाऱ्या आजीची विहीर गोडी राहते. तिच्या शेजारीच मोठी मोटर लावून दिवसभर पाणी खेचलं, तर दोघांच्याही विहिरी बिघडतात.

करून पाहा!

साहित्य: काचेचा पेला, मीठ, शाई, चमचा, ड्रॉपर.

अर्धा पेला पाण्यात पाच-सहा चमचे मीठ विरघळवा. दुसऱ्या भांड्यात थोडं साधं पाणी घेऊन त्यात शाईचे दोन थेंब टाका. आता चमचा खाऱ्या पाण्याला अगदी टेकवून उपडा धरा आणि त्याच्या पाठीवरून रंगीत पाणी हळूहळू सोडा. घाई करू नका हं! निळं पाणी वर तरंगताना दिसेल. हे तुमचं बेटाखालचं गोडं पाणी. आता ड्रॉपरनं वरचं पाणी अगदी हळू काढा. स्वच्छ निळं येईल. मग ड्रॉपर खोल घालून भराभर उपसा. निळं आणि पांढरं एकत्र होऊन सगळा घोटाळा होईल. हीच गत विहिरीची! (हे पाणी चाखून बघायचं नाही बरं का.)

आमच्याकडची सुट्टी

"बाई, मग आम्ही सुट्टीत समुद्रावर जायचंच नाही का?" असं विचारू नका. या की! 'येवा, कोकण आपलोच आसा' असं आम्ही उगीच म्हणत नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढं कोकण रेल्वे आली, चिपीला विमानतळही झाला. आता मे महिन्यात आणि नाताळात तारकर्ली, देवबाग, मालवण माणसांनी फुलून जातं.

तारकर्लीपासून पुढं देवबागपर्यंत जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. मधल्या पट्टीत माड, घरं, देवळं, शाळा. टोकाला नदी समुद्राला मिळते तो संगम. बेट नव्हे, पण बेटाचीच बहीण म्हणा! मोठी हॉटेलं आहेत, एमटीडीसीचं निवासस्थान आहे, पण खरी गंमत आहे ती घरगुती न्याहारी-निवासात. म्हणजे गावातल्याच कुटुंबात पाहुणे म्हणून राहायचं.

ही सुट्टी कशी असते, सांगू?

पहाटे जाग येते ती लाटांच्या गाजेनं आणि तव्यावरच्या 'चर्रर्र' आवाजानं. घरातल्या काकू घावणे घालत असतात. पांढरेशुभ्र, जाळीदार, सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. एखाद्या दिवशी शिरवाळे. तांदळाच्या पिठाच्या गरम गरम शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस. दोन खाल्ले की तिसरा मागावासाच वाटतो.

न्याहारीनंतर किनाऱ्यावर जा. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणतात. मग दोन्हीकडं माणसांच्या रांगा लागतात आणि 'हय्या हो' करत जाळं ओढतात. एकट्यादुकट्याचं काम नव्हे ते. सगळे मिळून ओढायचं आणि जे मिळेल ते वाटून घ्यायचं. त्यात पेडवे असतात, बांगडे असतात, कधी नुसतंच शेवाळ येतं. मग हसून पुन्हा जाळं आवरायचं! दोरीला हात लावून पाहा. तळहात लाल होतो, तेव्हा ताटातल्या बांगड्याची खरी किंमत समजते.

दुपारी जेवण. माशाची कढी, भात, भाजी, शेवटी गुलाबी सोलकढी. मग खळ्यात किंवा माडाखाली पडायचं. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. वारा अंगावरून जातो, चुडतं सळसळतात आणि डोळे मिटतात. इथं पंखाही लागत नाही, झोपाळाही लागत नाही.

संध्याकाळी खाडीत होडीतून फेरी. दोन्ही तीरांना कांदळवन. त्याची मुळं चिखलातून वर डोकावतात, त्यांच्यामध्ये खेकडे आणि माशांची पिल्लं लपतात. वाटेत खंड्या पक्षी दिसतो, बगळा दिसतो. मालवणच्या उत्तरेला कालावलच्या खाडीत तर पाणखोल जुवा, खोत जुवा अशी बेटं आहेत. खाडीतल्या छोट्या बेटाला आमच्याकडं 'जुवा' म्हणतात. तिथं माणसांची घरं आहेत, माडाच्या बागा आहेत. कोणाला बाजाराला जायचं, कोणाला दवाखान्यात जायचं, की आधी होडी! जाहिरातीतला माणूस बेटावर चार दिवस राहतो. ही माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात.

आराम कोणाचा, काम कोणाचं?

आता एक गोष्ट सांगते. ती आईबाबांनाही वाचून दाखवा.

मे महिन्यात तुम्हाला सुट्टी असते, तशी आमच्या मुलांनाही असते. पण ज्यांच्या घरी पाहुणे येतात, त्यांची सुट्टी वेगळी. आतल्या खोल्या पाहुण्यांना दिलेल्या असतात. घरची मंडळी पडवीत झोपतात. मुलगी नारळ खवून देते, मुलगा शहाळी उतरवणाऱ्या काकांच्या हाताखाली राबतो, आजी पहाटे पाचला चूल पेटवते. याची कोणी कुरकूर करत नाही. पाहुण्यांच्या चार पैशांतूनच पुस्तकं येतात, ताईची कॉलेजची फी भरली जाते. शिवाय पाहुणा आला की आधी गूळ-पाणी पुढं करायचं, ही कोकणची जुनी रीत.

पण या रीतीत दुसरा शब्द 'पाणी' आहे. ते विहिरीत असलं तरच पुढं करता येईल!

जरा गणित घालू. बादलीनं अंघोळ केली तर साधारण २० लिटर पाणी लागतं. शॉवरमधून मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल आणि कोणी १५ मिनिटं त्याखाली उभं राहिलं, तर किती झालं? १५० लिटर! समुद्रात डुंबून आल्यावर अंगाची वाळू धुवायला आणखी तेवढंच. चार माणसांच्या कुटुंबानं दिवसातून दोनदा अशी अंघोळ केली तर १,२०० लिटर. बादलीनं केली असती तर १६०. उरलेल्या १,०४० लिटरमध्ये किती कळशा भरतील, ते तुम्हीच काढा. एक कळशी १० लिटरची धरा.

आणि हे सगळं नेमकं कोणत्या महिन्यात? मे महिन्यात! जेव्हा विहिरींचं पाणी सर्वांत खाली गेलेलं असतं आणि पाहुणे सर्वांत जास्त असतात. समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतली विहीर दोन्हीकडून खाऱ्या पाण्यानं वेढलेली असते, हे विसरू नका.

पाण्याखालची बाग

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला, पाण्याखाली एक रंगीत बाग आहे. तिथं प्रवाळ आहेत. दिसायला दगडासारखे किंवा झुडपासारखे, पण ते चिमुकल्या प्राण्यांच्या वसाहतींनी बनलेले असतात. त्यांच्या आधारानं रंगीबेरंगी मासे, समुद्रफुलं, खेकडे राहतात. ही संपत्ती जपण्यासाठी १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि शेजारचा पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात.

आज अनेक पाहुणे तोंडाला नळी आणि डोळ्यांना काच लावून ही बाग बघायला उतरतात. पाहण्यासारखीच आहे ती. पण दगडासारखे दिसणारे कितीतरी प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे आठवीतल्या मुलाच्या टाचेखाली जो वीतभर तुकडा मोडतो, तो त्या मुलापेक्षा वयानं मोठा असतो! होडीचा नांगर त्यावर पडला तर एका क्षणात पन्नास वर्षांचं काम मोडतं.

समुद्राचं पाणी फार तापलं तरी प्रवाळ पांढरे पडतात आणि मरतात. १९९८ मध्ये मालदीव आणि लक्षद्वीपमधले उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ असेच गेले. ते तापणं थांबवणं तुमच्या-माझ्या एकट्याच्या हातात नाही. पण पाय कुठं ठेवायचा, ते तर आपल्याच हातात आहे ना?

समुद्राशी मस्करी नको

आनंदाच्या भरात एक गोष्ट विसरायची नाही. समुद्र पाहुण्याला ओळखत नाही.

देवबागच्या संगमाजवळ वाळूचा एक उंचवटा आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात, म्हणून त्याचं नाव 'त्सुनामी बेट' पडलं. ओहोटीला तिथं वाळूवर चालता येतं आणि भरतीला पाणी चढतं. म्हणूनच होडीवाले दादा "चला आता" म्हणाले, की निघायचं. "आणखी पाच मिनिटं" म्हणून हट्ट करायचा नाही.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. म्हणून होडीत चढताना लाइफ जॅकेट घालायचंच. फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून काढून ठेवायचं नाही. होडी भरलेली असेल तर पुढच्या होडीची वाट पाहायची. आणि पावसाळ्यात? तेव्हा किल्ल्याची होडीसेवाच बंद असते. आमचे पिढीजात दर्यावर्दीसुद्धा त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून, चुडतांनी शाकारून ठेवतात. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात. मालवणात त्या दिवशी नारळ लढवण्याची मोठी धमाल असते.

शहाण्या पाहुण्याची सहा कामं

१. अंघोळ बादलीनं. समुद्रातून आल्यावर आधी अंगाची वाळू कोरड्या हातानं झाडायची, मग दोन तांबे पाणी.

२. चादर-टॉवेल रोज धुवायला टाकायचे नाहीत. घरी आपण रोज चादर बदलतो का?

३. घरून पाण्याची बाटली न्यायची आणि तीच पुन्हा पुन्हा भरून घ्यायची. तिथं नेलेलं प्लास्टिक परत आपल्या पिशवीतून आणायचं.

४. प्रवाळाला हात नाही, पाय नाही. माशांना पाव-बिस्किटं नाहीत. आठवण म्हणून जिवंत शंख-शिंपला उचलायचा नाही.

५. रात्री किनाऱ्यावर झगझगीत दिवे आणि मोठमोठी गाणी नकोत. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर समुद्रकासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाकडं धावतात. आपल्या दिव्यामुळे ती समुद्राऐवजी रस्त्याकडं जाऊ शकतात.

६. घरातल्या काकूंना, होडीवाल्या दादांना नावानं हाक मारायची. आपलं ताट आपण उचलायचं. दोन नारळ खवून द्यायला मदत केलीत तर घावणा नक्कीच जास्त गोड लागेल!

पाहा, यात एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. महागड्या रिसॉर्टमध्ये राहा, नाहीतर काकूंच्या पडवीशेजारच्या खोलीत राहा. नियम तेच. बेट लहान असतं, म्हणून तिथं एकाचं वागणं दुसऱ्याला लगेच जाणवतं. पृथ्वीही तशी लहानच म्हणायची. फरक एवढाच की ती मोठी वाटते, म्हणून आपण बेफिकीर असतो.

आता सुट्टीचा अभ्यास. घाबरू नका, सोपा आहे. तुमच्या घरी नळाला पाणी येतं ते कुठल्या धरणाचं, कुठल्या नदीचं की कुठल्या विहिरीचं, ते आजी-आजोबांना किंवा शेजाऱ्यांना विचारून वहीत लिहा. त्या विहिरीला किंवा तळ्याला पूर्वी काही नाव होतं का, तेही विचारा. नाव नसेल तर तुम्ही एक ठेवा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही नावं तर आधीच दिलेली आहेत. तेव्हा तुमचं नाव नवं हवं!

(कळशांच्या गणिताचं उत्तर: १०४ कळशा.)